लाइट येते, नेट येत नाही: आपोआप परत न जुळणारं डायल कनेक्शन

तक्रार साधारण अशी असते. लाइट जाते, परत येते, राउटरचे दिवे लागतात, वायफाय दिसतं, पण इंटरनेट सुरू होत नाही. मग कुणीतरी उठून राउटर बंद करतं, थोडं थांबून पुन्हा चालू करतं आणि बहुतेक वेळा काम होतं. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच. घरात माणूस असेल तर हे खपून जातं. पण ग्रामपंचायतीचा संगणक, दूध संकलन केंद्र, गावातलं वाचनालय, शेतघराचा कॅमेरा अशा ठिकाणी बटण दाबायला कुणी नसतं. सकाळी सहाला दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली असताना तर राउटरशी खेळत बसायला कुणाला वेळही नसतो.

माझं सांगणं एवढंच आहे की बटण बंद-चालू करण्याआधी एक गोष्ट टिपून ठेवा: लाइट किंवा लाइन किती वेळ गेली होती. दोन-चार वेळा हे टिपलं की दुखणं कुठे आहे ते बरंचसं उघड होतं. लाइट क्षणभर लपकली आणि नेट अडकलं, पण तासभर गेली तेव्हा मात्र आपोआप आलं, असं होत असेल तर दोष बहुतेक नेट पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर राहिलेल्या जुन्या सेशनचा, म्हणजे न मिटलेल्या जुन्या जोडणीचा असतो. याच्या उलट, छोट्या खंडानंतर नेट येतं आणि मोठ्या खंडानंतर येत नाही, असं असेल तर तुमच्या बाजूच्या यंत्राने डायल करणं, म्हणजे सर्व्हरकडे जोडणी मागणं, सोडून दिलेलं असतं. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर त्रास वाढतो.

आधी थोडं आत काय चालतं ते. घरी फायबर आला असला तरी अनेक ठिकाणी राउटर किंवा संगणक अजूनही ‘डायल’च करतो. फोनच्या मोडेमवरून इंटरनेट चालायचं तेव्हा पीपीपी नावाची दोन टोकं जोडण्याची पद्धत रूढ झाली. तिचा आजही आधार मानला जाणारा दस्तऐवज, आरएफसी १६६१, जुलै १९९४ चा आहे. पुढे हीच पद्धत इथरनेटच्या तारेवर चालावी म्हणून फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ आला, तो पीपीपीओई. ज्यांनी १७२ ने सुरू होणारा नंबर फिरवून मोडेमचा किरकिराट ऐकला आहे, त्यांना आजच्या राउटरच्या पानावरचे ‘कनेक्ट’, ‘डिसकनेक्ट’, ‘आयडल टाइम’ हे शब्द ओळखीचे वाटतात ते यामुळेच.

राउटर डायल करतो तेव्हा आधी तारेवर हाक मारतो, की पलीकडे कुणी सर्व्हर आहे का. सर्व्हरने ओ दिली की दोघं जोडणीच्या अटी ठरवतात. मग युजरनेम-पासवर्ड तपासला जातो आणि शेवटी राउटरला आयपी पत्ता मिळतो. शोध, अटी, ओळख, पत्ता. नेट कुठल्या पायरीवर अडलं हे एरर क्रमांकावरून कळतं. विंडोजवर ६५१ आला (एक्सपीवर हाच प्रकार ६७८ म्हणून दिसायचा) तर हाकेला ओच आलेली नाही. ६९१ म्हणजे सर्व्हर भेटला, पण त्याने आत घेतलं नाही. ७१८ म्हणजे बोलणं सुरू झालं आणि मध्येच उत्तर येईना. राउटर डायल करत असेल तर क्रमांकाऐवजी त्याच्या ‘सिस्टिम लॉग’मध्ये एक ओळ सापडते: उत्तर न मिळाल्याची किंवा ओळख नाकारल्याची. ते पान उघडायला दोन मिनिटं लागतात. राउटर बंद केला की बहुतेक साध्या राउटरांचा लॉग पुसला जातो, म्हणून ते आधी बघा, बटणाला नंतर हात लावा.

लाइट लपकली की अडकणारं कनेक्शन

हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत जास्त चुकीचा समजला जातो. लॉगमध्ये ‘ओळख नाकारली’ असं दिसतं, विंडोजवर ६९१ येतो, आणि माणसं पासवर्ड बदलायला धावतात. पासवर्ड ठीकच असतो. कालपर्यंत त्यावर चालणारं नेट आज त्याच पासवर्डने नाकारलं जातंय, तर पासवर्ड सोडून दुसरीकडे बघायला हवं.

घडतं ते असं. राउटर नीट बंद झाला तर जाताना सर्व्हरला सांगून जातो की मी निघालो. पीपीपीओईमध्ये त्यासाठी पीएडीटी नावाचा एक निरोप असतो. लाइट अचानक गेली की तो निरोप जायला वेळच मिळत नाही. सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून जोडलेलेच आहात. मिनिटभरात लाइट येते, राउटर पुन्हा डायल करतो, आणि एका खात्यावर एकाच वेळी एकच जोडणी अशी अट असेल तर सर्व्हर म्हणतो, या नावाचा माणूस आधीच आत आहे. वाचनालयात पुस्तक परत आलेलं असूनही नोंदवहीत नाव खोडलेलं नसेल तर दुसरं पुस्तक मिळत नाही, तसाच हा मामला आहे.

सर्व्हर जुनं नाव कधी खोडतो? तोही जोडणीवर ठरावीक वेळाने ‘आहेस का’ असं विचारत असतो. याला एलसीपी एको म्हणतात. समजा दर ३० सेकंदांनी विचारणा होते आणि पाच वेळा उत्तर आलं नाही तर जोडणी मेली असं धरायचं ठरलंय. म्हणजे अडीच मिनिटं गेली. तेवढ्यात तुमचा राउटर सुरू होऊन डायल करून नाकारलाही गेलेला असतो. काही ठिकाणी याहून वाईट असतं. जोडण्यांचा हिशेब ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे जोडणी संपल्याची नोंदच पोचत नाही, कारण लाइट जाताना केबलवाल्याचं मधलं यंत्रही बंद पडलेलं असतं. मग ते जुनं सेशन कुणीतरी हाताने काढेपर्यंत किंवा ठरलेल्या साफसफाईपर्यंत तसंच राहतं. केबलवाल्याला फोन केल्यावर तो ‘सेशन क्लिअर केलं, आता बघा’ म्हणतो आणि नेट लगेच चालू होतं, ते याचमुळे.

इथे बटण बंद-चालू केल्याने नेट येतं ते बटणामुळे नाही. तुम्ही उठून जाईपर्यंत, बंद करून थांबेपर्यंत आणि राउटर पुन्हा उभा राहीपर्यंत जो वेळ जातो त्यात सर्व्हर जुनं नाव खोडतो. खात्री करून घ्यायची असेल तर पुढच्या वेळी नेट अडकलं की राउटर चालूच ठेवा, त्याच्या पानावर जाऊन ‘डिसकनेक्ट’ करा, पाच-सात मिनिटं काही करू नका आणि मग ‘कनेक्ट’ दाबा. जोडलं गेलं, तर राउटर निर्दोष आहे.

मग राउटर स्वतःच पाच मिनिटांनी पुन्हा का डायल करत नाही? काही राउटर करतात आणि त्यांच्या मालकांना ही तक्रार कधी कळतही नाही. काही मात्र ओळख नाकारली गेली की पासवर्ड चुकला असं समजून थांबतात. त्यांना पासवर्ड चुकणं आणि जुनं सेशन शिल्लक असणं यातला फरक कळत नाही, कारण सर्व्हर दोन्हींना सारखाच नकार देऊ शकतो. काही राउटर दर दहा सेकंदांनी धडका देत राहतात, आणि काही सर्व्हर अशा सततच्या धडकांवर त्या खात्याला थोडा वेळ बंदी घालतात. म्हणून सेटिंगमध्ये दोन प्रयत्नांमधलं अंतर ठरवता येत असेल तर ते दीड-दोन मिनिटांचं ठेवा. अंतर ठरवता येत नसेल आणि राउटर थांबून जाणारा असेल, तर खरा उपाय राउटरला लाइट लपकल्याचं कळूच न देणं हा आहे. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालतील असा छोटा बारा व्होल्टचा डीसी यूपीएस बाजारात मिळतो. घ्यायच्या आधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट यूपीएसशी जुळले पाहिजेत, दोघांच्या अँपिअरची बेरीज त्याच्या क्षमतेत बसली पाहिजे आणि पिनही जुळली पाहिजे. फक्त राउटर यूपीएसवर आणि फायबरचा डबा थेट लाइटवर, अशी जोडणी करू नका. त्याने पुढे सांगितलेला वेगळाच त्रास सुरू होतो.

याच ओघात टायमरच्या प्लगबद्दल. रोज पहाटे राउटरची लाइट कापून परत देणारा प्लग लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी त्याच्या विरोधात आहे. लाइट कापली की निरोप जात नाही, म्हणजे रोज पहाटे तुम्ही स्वतःच एक अर्धवट सेशन मागे ठेवता. दुखणं जुन्या सेशनचं असेल तर हा उपाय ते रोज नव्याने निर्माण करतो. रोज रीस्टार्ट हवाच असेल तर राउटरमधलं ‘रीबूट शेड्यूल’ वापरा. बहुतेक राउटर त्यात आधी जोडणी व्यवस्थित सोडतात.

६९१ चं आणखी एक कारण आहे आणि ते शोधायला फार वेळ जातो, कारण ते दुसऱ्याच खोलीत असतं. आधी संगणकावरूनच डायल व्हायचं. मग राउटर आला, त्यात तेच युजरनेम-पासवर्ड घातले, पण संगणकातलं ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ कुणी काढलं नाही. इंटरनेट ऑप्शन्समध्ये ‘ऑलवेज डायल माय डीफॉल्ट कनेक्शन’ तसंच निवडलेलं राहिलं. फायबरचा डबा ब्रिज पद्धतीने (स्वतः डायल न करता नुसती लाइन पुढे देत) चालत असेल आणि राउटर व संगणक दोघांचीही तार त्याला लागत असेल, तर लाइट आल्यावर जो आधी उभा राहील तो खातं पकडतो आणि दुसऱ्याला नकार मिळतो. कधी राउटर जिंकतो, कधी संगणक, म्हणून त्रास अधूनमधून होतोय असं वाटत राहतं. संगणकातलं जुनं कनेक्शन काढून टाका. फायबरचा डबा स्वतःही डायल करू शकतो हे विसरू नका. डब्यात आणि राउटरमध्ये, दोन्हीकडे खातं भरलेलं असेल तर तीच मारामारी होते. डायल एकाच यंत्राने करायचं.

आणि मॅक बाइंडिंग. काही ठिकाणी खातं विशिष्ट यंत्राच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाला, बांधलेलं असतं. राउटर बदलल्यानंतर कधीच जोडलं गेलं नाही तर हे कारण तपासायचं. पण तोच राउटर कधी जोडला जातो आणि कधी नाही, अशा तक्रारीत याचा संबंध नसतो.

लांब लाइट गेली की न येणारं कनेक्शन

इथे दोष जवळचा आणि म्हणून समाधानाचा आहे. तो आपल्या हातात असतो.

संगणकावरून डायल होत असेल तर विंडोज ७ मध्ये कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑप्शन्स’ या टॅबवर जा. ‘रीडायल अटेम्प्ट्स’ तीन आणि दोन प्रयत्नांमधला वेळ एक मिनिट, असं तिथे साधारणपणे असतं. म्हणजे लाइन काही मिनिटांत आली तर ठीक, नाहीतर विंडोज थांबलं. लाइन दोन तास बंद राहिली तर ती आल्यावर डायल करणारं कुणी उरलेलंच नसतं. आकडा वाढवा. त्याच टॅबवर ‘रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड’ यावर खूण हवी आणि ‘प्रॉम्प्ट फॉर नेम अँड पासवर्ड’ यावर खूण नको, नाहीतर संगणक पासवर्डची खिडकी उघडून कुणी एंटर दाबेल याची वाट बघत बसतो. ‘आयडल टाइम बिफोर हँगिंग अप’ हे ‘नेव्हर’वर ठेवा. पासवर्ड साठवताना फक्त माझ्यासाठी की या संगणकाच्या सर्वांसाठी असा पर्याय येतो. कार्यालयातल्या संगणकावर वेगवेगळी माणसं लॉगिन करत असतील तर सर्वांसाठीचा पर्याय निवडा.

इतकं करूनही रीडायल होत नसेल तर सर्व्हिसेसची यादी उघडा आणि ‘रिमोट अ‍ॅक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर’ चालू आहे का ते पाहा. रीडायलची खूण केलेली असते, पण तिच्यामागे काम करणारी ही सर्व्हिस बंद असते. संगणकाचा वेग वाढवण्याच्या नावाखाली दहा-वीस सर्व्हिसेस बंद करून देणारी माणसं गावोगाव आहेत, आणि ही त्या यादीत हमखास सापडते.

विंडोज १० किंवा ११ वर मला जास्त भरवशाचा वाटणारा मार्ग टास्क शेड्युलरचा, म्हणजे ठरल्या प्रसंगी काम आपोआप करणाऱ्या सोयीचा आहे. डायल कनेक्शन तुटलं की विंडोज ‘अ‍ॅप्लिकेशन’ लॉगमध्ये रासक्लायंट या नावाखाली घटना क्रमांक २०२२६ नोंदवतं आणि डायल फसलं की २०२२७. शेड्युलरमध्ये नवं काम तयार करून त्याला ‘ऑन अ‍ॅन इव्हेंट’ असे दोन ट्रिगर द्या, एक २०२२६ चा आणि एक २०२२७ चा. प्रत्येकाला दोन मिनिटांचा विलंब द्या आणि रासडायल या विंडोजच्या डायल करणाऱ्या आदेशाने हेच कनेक्शन पुन्हा डायल करायला सांगा. दोन मिनिटांमुळे सर्व्हरला जुनं सेशन काढायला वेळ मिळतो, आणि फसलेल्या डायलवरही ट्रिगर असल्यामुळे लाइन कितीही वेळाने आली तरी प्रयत्न चालू राहतो. रासडायलच्या आदेशात युजरनेम-पासवर्ड लिहिला तर तो त्या कामात उघडा राहतो. तेव्हा तो संगणक कोण कोण वापरतं याचा विचार करून मगच तसं करा. मुद्दाम डिसकनेक्ट केलं तरी हे काम दोन मिनिटांनी पुन्हा जोडून देईल, हेही तिथल्या माणसांना सांगून ठेवा.

या २०२२६ च्या नोंदीत तुटण्याचं कारणही क्रमांकाने दिलेलं असतं, आणि ते सोन्यासारखं आहे. ६३१ म्हणजे वापरणाऱ्याने तोडलं. ८२८ म्हणजे काही वापर नव्हता म्हणून तुटलं. ८२९ म्हणजे लाइनच गेली. ८३० म्हणजे कुणीतरी लॉगऑफ केलं आणि ८३२ म्हणजे संगणक हायबरनेट झाला. ‘रात्री आपोआप नेट जातं’ या तक्रारीत ८२९ असेल अशी खात्री धरून लोक लाइनमनला बोलावतात आणि लॉगमध्ये ८२८ किंवा ८३२ निघतो.

राउटर डायल करत असेल तर त्याच्या वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर ‘कनेक्शन मोड’ शोधा. तिथे सहसा ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’, ‘कनेक्ट ऑन डिमांड’ आणि ‘कनेक्ट मॅन्युअली’ असे पर्याय असतात. ‘मॅन्युअली’ असेल तर लाइट गेल्यावर तो कधीच स्वतःहून जोडणार नाही. ‘ऑन डिमांड’ जास्त फसवं आहे. घरातून कुणी मोबाइल किंवा संगणक उघडून नेट मागितलं तरच तो डायल करतो आणि ठरावीक मिनिटं कुणी वापरलं नाही तर जोडणी सोडतो. घरात माणसं असताना सगळं सुरळीत. शेतघरावर मात्र कुणी नसतं. तुम्ही पुण्याहून कॅमेरा बघायला जाता, पण बाहेरून आलेली मागणी राउटरपर्यंत पोचायला मुळात जोडणीच नसते. आतून कुणी मागत नाही, म्हणून राउटर डायल करत नाही. अशा जागी ‘ऑटोमॅटिकली’च हवं, आणि ‘मॅक्स आयडल टाइम’ची चौकट दिसत असेल तर त्यात शून्य. बहुतेक राउटरांवर शून्य म्हणजे कधीच सोडू नकोस.

‘कनेक्टेड’ दिसतं, पण नेट नाही

हा तिसरा प्रकार इनव्हर्टरवाल्या घरांचा. महावितरणने अनेक भागांत गावठाणाचा फीडर आणि शेतीपंपांचा फीडर वेगळे केले आहेत. केबलवाल्याचा मधला डबा कुठल्या फीडरवर आहे यावर तुमची लाइट आणि त्याची लाइट एकाच वेळी जाते की वेगवेगळ्या वेळी, हे ठरतं. तुमच्याकडे लाइट आहे, राउटर इनव्हर्टरवर निवांत चालू आहे, आणि दोन किलोमीटरवर त्याचा स्विच बंद पडून पुन्हा चालू झाला, असं झालं तर सर्व्हरने तुमची जोडणी केव्हाच सोडलेली असते. पण तुमच्या राउटरच्या तारेत काहीच बदल न झाल्यामुळे त्याला वाटतं सगळं ठीक आहे. तो मेलेल्या जोडणीवर तासन्‌तास ‘कनेक्टेड’ दाखवत बसतो. फक्त राउटर यूपीएसवर ठेवून फायबरचा डबा थेट लाइटवर ठेवू नका, असं वर म्हटलं त्यामागे हीच भीती आहे.

इथे राउटरनेही सर्व्हरला ‘आहेस का’ विचारत राहिलं पाहिजे. सेटिंगमध्ये ‘एलसीपी एको इंटरव्हल’, ‘कीपअलाइव्ह’ किंवा ‘डिटेक्ट ऑनलाइन इंटरव्हल’ यांपैकी कुठलं तरी नाव सापडतं. काही राउटरांवर ते शून्य असतं, म्हणजे विचारणा बंद. वर आयडल टाइमला शून्य चांगलं होतं, इथे शून्यच घातक आहे. वीस-तीस सेकंद द्या. तीन-पाच वेळा उत्तर नाही आलं तर राउटर स्वतः जोडणी तोडून नव्याने डायल करेल. अगदी एक-दोन सेकंद ठेवू नका. लाइनवर गर्दी असताना उत्तराला उशीर झाला तरी तो चालू जोडणी तोडून टाकतो, आणि मग तुटण्याची तक्रार वेगळीच सुरू होते.

‘कनेक्टेड’ दिसत असताना दोन गोष्टी आधी वगळा. ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (पलीकडून उत्तर येतं का ही चाचणी) जातं पण संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर उघडत नाही, तर जोडणी शाबूत आहे आणि नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बिघडलं आहे. काही संकेतस्थळं उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, तर एमटीयू (एका पाकिटात जाणाऱ्या बाइटची कमाल संख्या) १४९२ किंवा त्याहून कमी आहे का ते बघा. इथरनेटच्या १५०० मधले आठ बाइट पीपीपीओई खातो.

कॅमेरावाल्यांसाठी एक. नव्याने डायल झालं की आयपी पत्ता बदलू शकतो. नेट परत आलेलं असतं, पण तुम्ही मोबाइलमध्ये जुनाच पत्ता भरून बसलेले असता. शिवाय राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर तो अनेक ग्राहकांमध्ये वाटून घेतलेल्या जाळ्यातला आहे आणि बाहेरून थेट त्यावर पोचता येत नाही. रीडायलची कितीही दुरुस्ती केली तरी तिथे उपयोग नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउडवरून बघा किंवा वेगळा स्थिर पत्ता मागा.

ठरलेल्या वेळी तुटणं

घड्याळ लावल्यासारखं, जोडल्यापासून बरोबर तेवढ्याच तासांनी तुटत असेल तर राउटरला दोष देऊ नका. सर्व्हर जोडताना ‘सेशन टाइमआउट’ देऊ शकतो आणि वेळ संपली की स्वतः जोडणी सोडतो. अशा वेळी निरोप व्यवस्थित गेलेला असतो, त्यामुळे लगेच पुन्हा डायल केलं तर जोडलं जायला हवं. जात नसेल तर मुद्दा पुन्हा वरच्या पहिल्या दोन प्रकारांवर येतो. मध्यरात्री बाराला तुटून पुन्हा येतच नसेल, तर आधी प्लॅनची मुदत बघा.

हाकेला ओच येत नाही तेव्हा

६५१ किंवा लॉगमध्ये ‘उत्तर नाही’ असं असेल तर सेटिंगमध्ये हात घालू नका, आधी दिवे बघा. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. तार दाराच्या फटीत किंवा खिळ्याला काटकोनात वळलेली आहे का ते शोधा. डब्याच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये दिसते. जीपॉन या फायबर पद्धतीच्या नेहमीच्या उपकरणांना ती उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान हवी. उणे २६-२७ ला टेकलेली लाइन उन्हापावसात कधी चालते, कधी नाही, आणि ते रीडायलचं दुखणं असल्यासारखं दिसतं. तांब्याच्या तारेवर डीएसएल असेल तर ‘एसएनआर मार्जिन’ (गोंगाटापुढे सिग्नलला उरलेली मोकळीक) बघा. पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की ते सहा डेसिबलच्या खाली येतं आणि लिंक तुटत राहते. लँडलाइन वाजली की नेट जात असेल तर फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर बदला.

आणखी एक, संगणकावरून डायल करणाऱ्यांसाठी. ‘शट डाउन’ करून चालू केल्यावर ६५१ राहतो, पण ‘रीस्टार्ट’ केल्यावर जातो, असं आढळलं तर विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना शट डाउनमध्ये ड्रायव्हरची जुनी अवस्था जपून ठेवली जाते आणि बिघडलेली अवस्थाच सकाळी पुन्हा उठते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

डोंगल आणि लिनक्स

पर्जन्यमापक, पंपाचा कंट्रोलर अशा ठिकाणी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला सिमकार्डवर नेट देणारं यूएसबी डोंगल लावून पीपीपीडी, म्हणजे लिनक्सवर पीपीपी डायल करणारा प्रोग्राम, चालवणारे बरेच आहेत. त्यांची तक्रार जवळजवळ नेहमी एकच: टॉवर थोडा वेळ गेला तर परत जुळतं, रात्रभर गेला तर नाही. पीपीपीडीला ‘पर्सिस्ट’ (तुटलं की पुन्हा जोड) दिलेलं असतं, पण ‘मॅक्सफेल’ दिलेलं नसतं. मॅक्सफेलचं मूळ मूल्य १० आहे. लागोपाठ दहा प्रयत्न फसले की तो कायमचा थांबतो. मॅक्सफेल शून्य केलं की मर्यादा जाते. दुसरं म्हणजे, डोंगल स्वतः रीसेट झालं की त्याचा टीटीवायच्या (लिनक्समधल्या पोर्टांच्या) यादीतला क्रमांक बदलतो आणि पीपीपीडी जुन्याच दारावर थांबून राहतो. क्रमांकाऐवजी डेव्हमधल्या सीरियल फोल्डरात ‘बाय-आयडी’खाली मिळणारा स्थिर पत्ता वापरा. एलसीपी एको इथेही लावून ठेवा. मात्र काही डोंगल एकोला उत्तर देत नाहीत, तेव्हा आधी हाताने जोडून काही मिनिटं टिकतं का ते तपासा.

केबलवाल्याला फोन करताना

‘नेट चालत नाही’ म्हटलं की ‘राउटर बंद-चालू करा’ हेच उत्तर येणार, कारण त्या वाक्यात त्याला धरायला काही नाही. त्याऐवजी असं सांगा: ‘लाइट दहा सेकंद गेली होती. पॉनचा दिवा हिरवा आहे. राउटर सर्व्हरपर्यंत पोचतोय, पण सर्व्हर ओळख नाकारतोय. माझ्या खात्यावर जुनं सेशन दिसतंय का बघता का?’ हा प्रश्न त्याला पडद्यावर एका मिनिटात तपासता येतो. सेशन दिसलं तर ते काढायला सांगाच, पण तिथे थांबू नका. सर्व्हरवर एकोची वेळ कमी करता येईल का, किंवा नवी जोडणी आली की जुनी आपोआप काढता येईल का, ते विचारा. या दोन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या सेटिंगच्या आहेत आणि त्या एकदा केल्या की तुमच्यासोबत त्याच वाडीतल्या बाकीच्यांचीही सकाळची धावपळ थांबते. उत्तर टाळलं गेलं तर आठवडाभराची नोंद त्याच्यापुढे ठेवा: तारीख, लाइट किती वेळ गेली, लॉगमधली ओळ, नेट कशाने परत आलं.